अकरा दातांची टोपी

पेटी उघडली. टोपी नव्हती.

कपडेपटाच्या खोलीत पत्र्याच्या सतरा पेट्या होत्या, पण कुलूप एकाच पेटीला असायचं. त्या पेटीत एकच वस्तू ठेवलेली असायची, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली गेनू फिटरची टोपी. पंचा होता, नीट चौघडी घातलेला. टोपी तेवढी नव्हती.

"आबा," मी हळूच विचारलं, "टोपी तुम्ही काढून ठेवलीय का कुठं?"

आबा खिडकीपाशी बसून एका अंगरख्याला बटण लावत होते. लावत होते म्हणजे सुईत दोरा ओवायची खटपट करत होते. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायचे. स्टुडिओत शिंपी म्हणून नाव त्यांचं होतं आणि काम मी करायची. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मी कशाला काढू? किल्ली तुझ्याजवळ हाय."

तेच तर. किल्ली माझ्याजवळ होती.

बाहेर अंगणात मालक उभे होते. पिक्चरचा पैसा त्यांचा आणि दिग्दर्शनही त्यांचंच, म्हणून अख्खा स्टुडिओ त्यांना मालक म्हणायचा. त्यांच्याशेजारी गेनूचा मळका डगला घालून वामन उभा होता. वामन मारामारीच्या प्रसंगांत पडायचं काम करायचा. बिचारा सरळ माणूस, पाठमोरा उभा राहिला की गेनूचं काम करणाऱ्या तातोबा तोडकरांसारखा दिसायचा, हीच काय ती त्याची पात्रता.

"मालन, टोपी आण," मालकांनी हाक मारली. "याच्या डोक्यावर कशी बसते बघू. उद्या दहाला पहिला शॉट आहे."

मी दारात गेले. 

"मालक, टोपी धुतलीय. वाळायला टाकलीय."

"धुतलीस? कशाला?"

"वास मारत होती."

हे कुठून सुचलं मला माहीत नाही. मालकांनी घड्याळात बघितलं. "ठीक आहे. चार वाजता दाखव." आणि वामनच्या खांद्यावर हात ठेवून ते निघून गेले.

एकोणीसशे एकसष्ट साल होतं. कोल्हापूर. मी वीस वर्षांची होते.

आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही, पण त्या टोपीनं अख्ख्या जिल्ह्याला वेड लावलं होतं. त्या वेळी गॅरेजमधले फिटर साहेबलोकांच्या टाकून दिलेल्या फेल्टच्या हॅट घ्यायचे आणि त्यांची कड कापून त्या डोक्यावर घालायचे. मोटारीखाली शिरलं की केसांत तेल गळत नाही आणि कड नसल्यामुळे डोकं कुठं अडत नाही. सहा वर्षांपूर्वी 'गेनू फिटर' काढताना मालकांना तशीच टोपी हवी होती. आबा तापानं फणफणले होते. मी चौदा वर्षांची, कात्री हातात घेतली. कड गोल कापून काढायची, एवढंच काम. पण कात्री निसटली आणि कडेत हा एवढा खोल काप गेला. मालकांनी हॅट मुंबईहून मागवलेली होती. मी रडले, मग डोळे पुसले आणि तो एक काप लपवायला तसेच सगळीकडे काप घेतले. फेल्टचं एक बरं असतं, कसंही कापा, दोरे सुटत नाहीत. कापलेली कड वर दुमडली तर टोपीला चहूबाजूंनी दात आले. मोजले, अकरा होते.

तेवढ्यात तातोबा आत आले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तमाशात सोंगाड्याचं काम करून आलेला माणूस, समोरचे तीन दात पडलेले. त्यांनी टोपी घातली, आरशात बघितलं आणि पोट धरून हसले. मागून मालक आले आणि ओरडले, "हे काय करून ठेवलंय? कोणी केलं?" 

तात्या शांतपणे म्हणाले, "म्याच सांगितलं शिंपीमास्तरला. गेन्याच्या तोंडात दात न्हाईत, टोपीला तरी असूं देत की, मालक."

मालक हसले. बस्स, तेवढ्यावर निभावलं. मग तात्यांनी त्या दातांवर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं ठोकली, सात. पिक्चर पंचवीस आठवडे चाललं. गावोगाव पोरांनी टोप्या कापल्या. आजोबांनी सणाला काळी टोपी शोधावी, तर ती नातवाच्या डोक्यावर, दात काढून. जोतिबाच्या यात्रेत पुठ्ठ्याच्या टोप्या विकायला आल्या. कागलकडचा एक नवरदेव म्हणे तसली टोपी घालून घोड्यावर बसला आणि सासऱ्यानं वरात अडवली.

आता दुसरं पिक्चर चाललं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तात्या ट्रकच्या मडगार्डवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. पाच प्रसंग राहिले होते आणि दिवाळीला पिक्चर लावायचं ठरलेलं होतं. मालकांचा हिशेब सोपा होता. "पाठमोरा वामन उभा करू. टोपी दिसली की लोकांना गेनू दिसतो." आणि परवा त्यांनी आबांसमोरच म्हटलं होतं, "हे जमलं, तर तिसऱ्या पिक्चरला गेनू वामनच करेल. तातोबा आता थकला."

म्हणजे उद्या दहा वाजता ती टोपी वामनच्या डोक्यावर बसली, की तात्या संपले.

पण टोपी होती कुठं? मी पेटीवर बसून डोकं धरलं आणि मग तो दिवस आठवला. तात्या पडले, सगळे धावले, मोटार आली, त्यांना उचलून नेलं. मी खोलीत आले, पंच्याची घडी घातली आणि पेटीला कुलूप लावलं. टोपी आत आहे की नाही, बघितलंच नव्हतं. ती तात्यांच्या डोक्यावरच गेली होती. चूक माझी होती, सर्वस्वी माझी.

तात्यांचं घर शुक्रवार पेठेत, एका तालमीच्या मागच्या बाजूला. काकी दारात ज्वारी निवडत होत्या.

"ये गं मालन. बरं झालं आलीस. दोन दिस झालं, भिताडाकडं तोंड करून पडल्यात."

तात्या खाटेवर होते. एक पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. मला बघून त्यांनी घाईघाईनं गोधडी छातीपर्यंत ओढली. गोधडीखाली काहीतरी खुळखुळलं.

"काय काम काढलंस?"

"तात्या, टोपी कुठाय?"

"कसली टोपी?"

"तात्या."

"मला काय म्हाईत? कपडेपट तू सांभाळतीस का मी? पाय मोडलाय माझा, चोऱ्या करत फिरालोय व्हय?" ते मान फिरवायला गेले आणि पुन्हा बुचं वाजली.

मला हसू आलं नाही.  मी खाटेच्या कडेवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वामन, उद्याचे दहा, चार वाजता मालकांना टोपी दाखवायची आहे ते, सगळं. वामनचं त्यांना आधीच कळलेलं असावं. चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

"वामन," ते म्हणाले. "चांगला पडतोय गडी. मीच शिकीवलंय त्याला पडायला." मग त्यांनी पायावरच्या प्लास्टरवर टिचकी मारली. "पोरी, माझा पाय मोडलाय, तोंड न्हाई मोडलं. गेन्या ट्रकवरनं पडला आसं दाखवा म्हणावं. खुर्चीत बसून करतो की मी. लोकं हसतील, मी सांगतो, पोट धरून हसतील."

"मी सांगते मालकांना."

"सांग. आणि टोपी हितंच ऱ्हाईल."

"तात्या, मालक म्हणतील दुसरी करा."

"म्हणूं देत. तू म्हण, जमत न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. हात तापलेला होता. "तुझ्यासारखी कुणाला करायला येती? कुणाला न्हाई. टोपी न्हाई तर गेन्या न्हाई. गेन्या न्हाई तर मालकाला थांबावं लागंल. तीन म्हयन्यांचा तर सवाल हाय."

"आबांना काढतील."

त्यांनी माझं मनगट सोडलं. बाहेर काकींच्या सुपाचा आवाज येत होता.

"तेबी खरंच हाय," शेवटी ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "सहा वर्सांमागं मी इचार केला न्हवता, माझं काय हुईल म्हणून."

बोलले आणि लगेच त्यांचं तोंड उतरलं. असं काही बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांची त्यांनाच लाज वाटली, मला दिसलं ते. म्हणूनच मी मान हलवली. "नाही म्हणते, तात्या," मी म्हटलं. "जमत नाही म्हणून सांगते."

परत येताना काय बोलायचं ते मी मनात घोकत होते, शाळेत कविता घोकावी तसं.

चार वाजता मालक खोलीत आले. आबा उठून उभे राहिले. मी सांगितलं की टोपी हरवली आहे, माझ्या हातून हरवली आहे. तात्यांचं नाव घेतलं नाही. मालकांचा चेहरा लाल झाला, पण ते ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

"मग दुसरी कर."

"मालक, तात्यांना खुर्चीत बसवून केलं तर? गेनू पडला असं दाखवून..."

"ट्रकवरचं गाणं खुर्चीत बसून करू? वरात खुर्चीत बसून काढू?" ते म्हणाले. "मालन, तातोबाचं मला वाईट वाटतं. पण पंचेचाळीस माणसं उद्या दहाला उभी राहणार आहेत. टोपी कर."

"मला... जमणार नाही, मालक."

मालकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नसेल जमत तर राहू दे. मंगळवार पेठेतला टेलर सकाळच्या आत करून देईल, मी दुपारीच त्याला विचारून ठेवलंय. पण मग या खोलीची किल्लीही त्यालाच देतो. रोज काहीतरी हरवायला लागलं तर माझं कसं चालायचं?"

दुपारीच विचारून ठेवलं होतं. म्हणजे 'वाळायला टाकलीय' हे त्यांना पटलंच नव्हतं. आणि मी नाही म्हटलं तरी टोपी होणारच होती. माझ्या नकारानं तात्या वाचणार नव्हते, फक्त आबा रस्त्यावर येणार होते. एवढं कळायला मला अर्धा क्षण लागला, आणि त्या अर्ध्या क्षणात आबा बोलून गेले.

"माझ्या पोरीनंच केलीय ती टोपी, मालक. पयली. चौदा वर्साची हुती तवा. मी तापात पडलोतो." त्यांचे हात थरथरत होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. "जगातली कसलीबी टोपी करंल ती. उद्या सकाळी मिळंल तुमास्नी."

केवढा अभिमान होता त्या आवाजात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांना वाटलं असेल कौतुकानं आलं.

"अस्सं," मालक म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची फेल्ट हॅट काढली आणि टेबलावर ठेवली. "मग ही काप."

हॅट घरी आणली. किटलीला उकळी आणली, वाफेवर धरून फेल्ट मऊ केली आणि पालथ्या पातेल्यावर ओढून बसवली. रंग जरा उजळ होता, तो चहाच्या पाण्यानं आणि ग्रीसनं मारला. शेजारच्या पानपट्टीवरून सात बुचं आणली आणि दगडानं ठेचून जुनी केली. अजून उजेड होता. आबा समोर बसून होते, मध्ये मध्ये मान डोलवत. "वा. वा गं पोरी."

मग खडूनं दात आखायला घेतले. अकरा.

आणि खडू थांबला.

मी नाही म्हणू शकले नव्हते. पण टोपीच चुकली तर? अकरा दात असले की पुढे कपाळाच्या मधोमध एक दात येतो आणि बरोबर मागे, मानेच्या वर, खाच येते. दहा असले तर मागेही दातच येतो. वामन तर पाठमोराच उभा राहणार होता. पहिल्या पिक्चरमध्ये आणि या पिक्चरच्या निम्म्या भागात मागे खाच आणि बाकीच्यात दात! लिमयेच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. लिमये हा मालकांचा सहायक, पुण्याचा, कंटिन्युइटी त्याच्याकडे. कालच्या प्रसंगात कप उजव्या हातात होता की डाव्या, यावरून तो युनिटला तासन्‌तास ताटकळत ठेवायचा. तो टोपी नापास करील. शूटिंग थांबेल. नवी हॅट मुंबईहून मागवावी लागेल, चार दिवस जातील, आठ जातील. मालक वैतागतील आणि तोवर कुणीतरी खुर्चीचा विचार करील. मला कुणी दोष देणार नाही, टोपी तर केली होतीच. चुकून एक दात कमी पडला, माणूस आहे.

आज सांगताना लाज वाटते. तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता. मी पदरानं खडू पुसला आणि दहा आखले.

आबांनी मोजले नाहीत.

सकाळी दहा. अंगणात ट्रक उभा, पंचेचाळीस माणसं उभी. लिमये एका हातात जुने फोटो आणि दुसऱ्या हातात टोपी घेऊन उन्हात गेला. मी कपडेपटाच्या दारात चौकट धरून उभी होते. त्यानं पहिला फोटो बघितला. टोपी फिरवली. मागची बाजू वर केली.  बघ, मी मनात म्हणत होते, बघ रे बाबा. आणि त्याच वेळी, नको, नको बघू. दोन्ही एकदम. सापडावं असंही वाटत होतं आणि पळून जावं असंही.

लिमयेनं बोट लावून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. त्याचे ओठ हलताना दिसत होते. चार, पाच, सहा, सात.

"सात. बरोबर," तो म्हणाला. "टोपी ओके, मालक."

त्यानं बुचं मोजली होती.

आता सांगायला हवं होतं. दारापासून मालकांपर्यंत वीस पावलं होती. 'मालक, टोपी चुकलीय,' एवढे तीन शब्द. मी एक पाऊल टाकलंसुद्धा. पण मागून आबा म्हणाले, "बघितलंस? एका फटक्यात पास!" आणि माझं पाऊल तिथंच राहिलं.

वामननं टोपी घातली. मालकांनी इशारा केला. वामन ट्रककडे पाठमोरा चालत गेला. खांदा किंचित तिरका, डावा पाय जरा ओढत, मध्येच कमरेत एक झटका. तात्यांची चाल. मग मडगार्डवर चढताना तो घसरला, सावरला, पुन्हा घसरला आणि टोपी हातानं घट्ट धरून धप्पकन बसला.

सगळं अंगण हसलं. लाइटवाले हसले, ट्रकचा ड्रायव्हर हसला, मालक तर डोळे पुसायला लागले.

आणि मी हसले. कुणी गुदगुल्या केल्यासारखं हसू आलं, आवरलंच नाही. माझंच हसू माझ्या कानांवर आलं तेव्हा मी तोंडावर पदर दाबला आणि आत पळाले. पेट्यांच्या मागे जाऊन बसले. सगळ्या कोल्हापुरात तात्यांची बाजू घेणारं एकच माणूस होतं आणि ते वामनला बघून हसलं होतं.

पिक्चर दिवाळीला लागलं. पहिल्या खेळाला मालकांनी तात्यांना पास पाठवला. ते कुबड्या घेऊन आले, इस्त्रीचं धोतर नेसून, बोडक्यानं. मी आणि आबा त्यांच्या मागच्याच रांगेत होतो. मी पिक्चर कमी आणि तात्यांची मान जास्त बघत होते. ट्रकचा प्रसंग आला तेव्हा शिट्ट्यांनी थेटर डोक्यावर घेतलं. पडद्यावर पाठमोरी टोपी, मानेच्या वर हा एवढा ठसठशीत दात. आठशे माणसं बघत होती. एकालाही काही वेगळं वाटलं नाही. तात्यांनासुद्धा नाही, असं मला वाटतं. ते टाळ्या वाजवत होते.

खेळ सुटल्यावर फाटकापाशी झुंबड उडाली. मालकांनी वामनला टोपी घालून तिथं उभा केला होता. पोरांनी त्याला गराडा घातला होता. तात्या भिंतीला टेकून उभे होते. पुठ्ठ्याची टोपी घातलेला एक पोरगा वाट काढत आला आणि तात्यांच्या कुबडीला अडखळला.

"ओ काका, सरका की जरा. गेनू दिसंना झालाय."

तात्या सरकले.

मला राहवलं नाही. "अरे लेका, हेच तर..." मी म्हणायला गेले, पण तात्यांनी माझा हात दाबला.

"असूं दे."

आम्ही दोघं भिंतीपाशी थांबलो. आबा रिक्षा बघायला गेले होते. गर्दी हळूहळू पांगत होती. तात्यांनी तिकिटाच्या खिडकीकडे बघत विचारलं, सहज विचारावं तसं.

"मालन, एक इचारू?"

"विचारा की, तात्या."

"तू म्हणाली असतीस, जमत न्हाई म्हणून. मग मालक थांबला असता का गं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कितीतरी रात्री खाटेवर पडून त्यांनी हाच विचार केला असणार.

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं होतं, तात्या. नाही जमत म्हटलं होतं. तरी मालक थांबणार नव्हते, मंगळवार पेठेतला टेलर त्यांनी दुपारीच बघून ठेवला होता. मी दहा दात कापले होते, तेही तुमच्यासाठीच. हे सगळं सांगितलं असतं तर मी मोकळी झाले असते. तात्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. आणि एक दिवससुद्धा कुणी आपल्यासाठी थांबणार नव्हतं, हे घेऊन ते घरी गेले असते.

"थांबले असते, तात्या," मी म्हटलं. "मालक म्हणाले होते, दुसरी होत नसेल तर थांबू. तातोबाशिवाय गेनू कसला? मीच घाबरले. मीच हो म्हटलं."

 तात्यांच्या बगलेतली कुबडी जरा सरळ झाली, आणि पाठही.

"म्हणाला हुता न्हवं?" ते म्हणाले. "मला वाटलंच हुतं."

ते चालायला लागले. माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढे जगले त्या नऊ वर्षांतही नाही. रस्त्यात समोर आले तर मान फिरवून जायचे, ताठ मानेनं. तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना सांगायचे म्हणे, मालक माझ्यासाठी पिक्चर थांबवणार होता, पण एका शिंप्याच्या पोरीनं दगा दिला.

कुणीतरी येऊन मला ते सांगायचं, आणि मी विचारायची, "अजून सांगतात ना तसंच?"